इंटर झालं, आता पुढं? बाजारहत्नूरच्या पोरापोरींसाठी पहिल्या वर्षाची शिदोरी

इंटरचा निकाल लागला की आपल्या मंडलात दोनच प्रश्न विचारले जातात. पोराला विचारतात, "आता काय करणार?" आणि पोरीच्या बापाला विचारतात, "आता कुठं देणार?" या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर असावं, म्हणून हा लेख. उत्तर साधं आहे : डिग्रीला जाणार. पण नुसतं म्हणून भागत नाही. निकालापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे दोन-अडीच महिने आपल्याकडे निंदणी, पेरणी, लग्नसराई आणि मोबाईल यात जातात आणि मग जुलैत धावपळ सुरू होते. हैदराबादच्या पोराची एखादी चूक झाली तर त्याचा काका, मामा, शेजारी कुणीतरी ती निस्तरतो. बाजारहत्नूरच्या पोराच्या घरात बहुतेक वेळा डिग्रीला जाणारा तोच पहिला असतो. त्याची चूक निस्तरायला कुणी नसतं. म्हणून आपली तयारी आधी झाली पाहिजे.

सगळ्यात आधी आपण कुठं उभे आहोत ते समजून घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य फुटलं. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं. बाकीचं बोथ आंध्र प्रदेशात राहिलं आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. म्हणजे एकाच तालुक्याचे दोन तुकडे झाले. आत्या तिकडं, मामा इकडं. सोयरीक, बाजार, जत्रा, यात ही रेघ कुणाला दिसत नाही. पण अॅडमिशनच्या फॉर्मवर ती ठळक दिसते, आणि तिथंच आपली पोरं अडखळतात.

इकडं की तिकडं?

दहावी मराठी माध्यमातून झाली की घरात चर्चा होते : "किनवटला घालू का? नांदेडला मावशी आहे, तिथं राहील." भाषा आपली, माणसं आपली, म्हणून मन तिकडं ओढतं. यात वाईट काही नाही. पण नियम वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

तेलंगणात कॉलेजच्या जागांसाठी तुम्ही 'लोकल' आहात की 'नॉन-लोकल', हे घटनेच्या ३७१-डी कलमाखालच्या आदेशातून ठरत आलंय. मोजमाप मुख्यतः शिक्षणाच्या वर्षांवर होतं : पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षं तुम्ही कुठं शिकलात? अकरावी-बारावी किनवटला केली की ही साखळी तुटते. मेडिकलला तर नववी ते बारावी तेलंगणात झालेली हवी, असा नियम २०२४ मध्ये आला आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला.

बरं, मग तिकडचे तरी आपण होतो का? महाराष्ट्रात मेडिकल, इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय तिथलं अधिवास प्रमाणपत्र लागतं. आपली दहावी आदिलाबाद जिल्ह्यातली. म्हणजे धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांच्या पोरांसाठी महाराष्ट्रानं व्यावसायिक कोर्सेसमध्ये सीमाभागाची वेगळी सोय ठेवली आहे. त्या ८६५ गावांत आदिलाबादचं एकही गाव नाही. वाद कर्नाटकाशी आहे म्हणून ती यादी कर्नाटकाची. पण भाषा तीच, अडचण तीच, मग सोय का नाही, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. तोवर मात्र आहे त्या नियमात आपली वाट काढायची आहे.

जातीच्या दाखल्याचंही असंच. इकडं लंबाडा-बंजारा समाज अनुसूचित जमातीत आहे. तिकडं तोच बंजारा विमुक्त जातीत. इकडं बिगर-ब्राह्मण मराठा बीसी-डी मध्ये आहे. तिकडं मराठ्यांचं गणितच वेगळं. आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात राखीव जागेसाठी चालत नाही. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं, आणि गंमत बघा, ते प्रकरण आंध्रातून मुंबईला गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या मेडिकल अॅडमिशनचंच होतं. तेव्हा तांड्यावरचा पोरगा नांदेडला गेला तर त्याचा एसटीचा दाखला हद्दीवरच राहतो, हे जायच्या आधी माहीत पाहिजे.

सरळ सांगायचं तर असं : साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायचं असेल तर किनवट-नांदेडची वाट बंद नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून तिथं आहे, मायग्रेशनचे कागद दिले की प्रवेश मिळू शकतो. पण राखीव जागा, फीची परतफेड, पुढं बी.एड., मेडिकल, सरकारी नोकरी, हे सगळं मनात असेल तर आधी कागदावर दोन रकाने करा. एकात तेलंगणा, एकात महाराष्ट्र. काय मिळतं, काय सुटतं, लिहून काढा. मावशीचं घर हे एक कारण आहे, पण ते एकटं पुरेसं नाही.

कागदांची पिशवी

तेलंगणात डिग्रीचा प्रवेश 'दोस्त'वरून होतो, म्हणजे राज्याची ऑनलाईन डिग्री प्रवेश व्यवस्था. २०१६ पासून ती सुरू आहे. आदिलाबाद, उटनूर, इच्चोडा इथली डिग्री कॉलेजं वरंगलच्या काकतीय विद्यापीठाखाली येतात, पण फॉर्म सगळ्या राज्याचा एकच.

इथं आपली पोरं तीन ठिकाणी अडकतात.

पहिली अडचण मोबाईल नंबरची. आधारला जो नंबर जोडला आहे त्यावर ओटीपी येतो. तो नंबर बहुतेक घरांत वडिलांचा जुना, बंद पडलेला असतो. आजच तपासा. बंद असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा जोडा. हे काम शेवटच्या तारखेला होत नाही.

दुसरी अडचण नावाची. तेलंगणातल्या मेमोवर आडनाव आधी असतं, कधी नुसतं एक अक्षर असतं. आपल्या मराठी घरांत आधी आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आधारवर एक, दहावीच्या मेमोवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. वर इंग्रजी स्पेलिंग गुरुजींनी पहिलीला जे लिहिलं ते. कॉम्प्युटरला हे तीन वेगळे माणूस वाटतात आणि स्कॉलरशिप तिथंच थांबते. नियम एकच लक्षात ठेवा : दहावीच्या मेमोवर जे नाव, जे स्पेलिंग, तेच बाकी सगळीकडं करून घ्या.

तिसरी अडचण दाखल्यांची. मीसेवातून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला ताजा लागतो, मागच्या वर्षीचा चालवून घेतील या भरवशावर राहू नका. सहावीपासून इंटरपर्यंतची बोनाफाईड, टीसी, दोन्ही मेमो, आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं, फोटो, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये स्पष्ट फोटो ठेवा. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात मेमो भिजला की त्याची दुसरी प्रत काढायला किती चकरा होतात, ते ज्यांनी मारल्या त्यांना विचारा.

वेब ऑप्शन भरताना एकच कॉलेज टाकून बसू नका. आवडीच्या क्रमानं जास्तीत जास्त टाका. सीट मिळाली की ठरलेल्या मुदतीत ऑनलाईन पक्की करा, नाहीतर ती जाते. आणि फॉर्म दुसऱ्याच्या हातात सोडून चहा प्यायला जाऊ नका. नेट सेंटरवाला भरेल तो ग्रुप आपला होतो, आणि तीन वर्षं तो आपल्यालाच शिकायचा असतो. खाजगी कॉलेजचे लोक जूनमध्ये गावात येतात, "फुकट अॅडमिशन, बसची सोय" म्हणतात आणि तुमचा ओटीपी मागतात. ओटीपी म्हणजे तुमची सही. ती कुणालाही द्यायची नाही.

कॉलेजनं मूळ मेमो ठेवून घेतले तर? तपासून लगेच परत द्यावेत, ते अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरीही फीची बाकी दाखवून कागद दाबून धरणारी कॉलेजं आहेत. म्हणून काहीही दिलं की पोच घ्या.

पैसा : पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात

आपल्या भागात हा सगळ्यात मोठा पेच आहे. मृग लागतो, घरातला पैसा कापसाच्या बियाण्यात, सोयाबीनमध्ये, खतात जातो आणि त्याच वेळी कॉलेजची तारीख येते. सरकारची फी-परतफेड योजना आहे, ती आपला हक्क आहे, ई-पासवर अर्ज वेळेत करा. पण तो पैसा उशिरा येतो, कधी वर्ष उलटतं. त्याच्या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नका. हजेरी कमी झाली तर तो अडतो, हेही लक्षात असू द्या.

म्हणून घरी बसून हिशोब करा, आईबापाला बरोबर घेऊन. प्रवेशाला किती, पहिल्या महिन्याला किती, परीक्षेच्या फीला किती. सरकारी कॉलेज आणि सरकारी वसतिगृह मिळत असेल तर ते कमीपणाचं नाही. आदिलाबादचं सरकारी डिग्री कॉलेज सोडून हैदराबादच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या कॉलेजात फक्त 'सिटी' म्हणून जाणं, हा सौदा दहादा विचार करून करा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच टाका, नंतर जागा राहत नाही.

आणि पोरींच्या बाबतीत एक गोष्ट आईबापांनी ऐकावी. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात पल्लेवेलुगु आणि एक्सप्रेस बसमध्ये बायका-मुलींना तिकीट नाही. म्हणजे इच्चोड्याच्या किंवा आदिलाबादच्या कॉलेजला रोज जाऊन येण्याचा खर्च मुलीच्या नावावर शून्य आहे. "पैसे नाहीत" हे कारण निम्मं तरी संपलं. उरलेलं कारण "लोक काय म्हणतील" हे असेल, तर लोक चार दिवस म्हणतात. अठराव्या वर्षी लग्न लावलेली पोरगी पुढची पन्नास वर्षं सही करताना दुसऱ्याच्या तोंडाकडं बघते. डिग्रीची तीन वर्षं तिला द्या.

तीन भाषांची वही

आता खरी भीती. ती फीची नसते, वर्गात बसल्यावर येते. आपला पोरगा घरी मराठी बोलतो, तांड्यावरचा गोरमाटी, गुड्यावरचा गोंडी किंवा कोलामी. शाळा मराठी, बाजारात तेलुगू, इंटरला तेलुगू-इंग्रजीची मिसळ, आणि डिग्रीला पुस्तक पूर्ण इंग्रजी. सर तेलुगूत समजावतात, फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि आपण मनात मराठीत लावून बघतो. पहिल्या सेमिस्टरला जे नापास होतात त्यांतले कितीतरी जण ढ नसतात. त्यांना विषय येतो, त्या विषयाचे शब्द येत नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो या दोन महिन्यांत होण्यासारखा आहे. दोनशे पानांची एक वही घ्या, तीन रकाने करा : मराठी, तेलुगू, इंग्रजी. दहावीचं आपलं मराठी विज्ञानाचं, गणिताचं, समाजशास्त्राचं पुस्तक काढा आणि रोज दहा शब्द लिहा. क्षेत्रफळ, वैशाल्यम्, एरिया. वस्तुमान, द्रव्यराशि, मास. मूलद्रव्य, मूलकम्, एलिमेंट. त्वरण तर गंमतच आहे : मराठीत त्वरण, तेलुगूत त्वरणम्, आणि इंग्रजीत अॅक्सिलरेशन. दोन्ही भाषांनी संस्कृतातून उचललेले असे शेकडो शब्द जवळजवळ सारखे आहेत. तेलुगू आपल्याला वाटते तितकी परकी नाही. रोज दहा शब्द म्हणजे साठ दिवसांत सहाशे. पहिल्या सेमिस्टरला तेवढे पुष्कळ झाले. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यांत इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द सापडतो. त्याचा उलटा वापर करा.

दुसरी भाषा निवडतानाही डोळे उघडे ठेवा. कॉलेजात कोणकोणत्या भाषा शिकवतात ते फॉर्म भरायच्या आधी विचारा. मराठी शिकवणारं कुणी आहे का, हेही विचारा. नसेल तर लेखी विचारा. मागणी कागदावर दिसली नाही की "मराठीला विद्यार्थीच नाहीत" असं म्हणायला मोकळे होतात.

तेलुगू शिकायला कमीपणा वाटून घेऊ नका. तेलुगू शिकल्यानं मराठी जात नाही. पी. व्ही. नरसिंह राव तेलंगणाचे, शिकले पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि नागपुरात. मराठी इतकं पक्कं की हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. पुढं देशाचे पंतप्रधान झाले. त्यांना जे दोन्ही भाषांनी दिलं ते आपल्याला जन्मतःच अर्धं मिळालंय.

आणि परक्या भाषेत शिकणारी आपली पहिली पिढी नाही. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेव्हा शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. मराठवाड्यातली, आपल्या भागातली मराठी पोरं तिथं उर्दूत शिकली. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. हद्दीपलीकडचं विद्यापीठ असं दार उघडू शकतं, हे तेव्हा दिसलं होतं.

पहिले शंभर दिवस

कॉलेज सुरू झालं की पहिल्या तीन महिन्यांत बरंच काही ठरतं. सेमिस्टर पद्धत आहे, सहा महिन्यांत परीक्षा येते. "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्याची दिवाळी बॅकलॉगमध्ये जाते. इंटर्नलचे मार्क सोडू नका, ते आपल्या हातातले असतात. पहिल्या आठवड्यात लायब्ररीचं कार्ड काढा आणि गेल्या वर्षीचे पेपर मागा. जे समजलं नाही ते तास संपल्यावर सरांना विचारा, मोडक्या तेलुगूत विचारा, हसले तर हसू द्या.

हसतील, हेही आधीच सांगून ठेवतो. इकडं आपल्या तेलुगूला मराठी वास येतो म्हणून हसतात, नांदेडला गेलो तर आपण 'आंध्रावाले' होतो. थट्टा आणि छळ यातला फरक ओळखा. छळ झाला तर गप्प बसायचं नाही. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ ही आहे, चोवीस तास. मन फारच खचलं, झोप लागेना, घरीही सांगता येईना, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. फोन करणारा दुबळा नसतो.

एकटं पडू नका. गेल्या वर्षी गावातून कोण गेलं ते शोधा, त्याचा नंबर घ्या. हैदराबादला गेलात तर तिथं मराठी माणूस नवा नाही. विवेक वर्धिनी १९०७ पासून आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. महिन्यातून एकदा तिथं जाऊन मराठी वाचून या, जीव हलका होतो.

आता हक्काचं बोलू

पोरांनी तयारी करायची ती करतीलच. पण सगळं ओझं अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर का? नीट मराठीत देता येते, पण मराठी भाषेचा पर्याय फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. आदिलाबादच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी पोराला तो नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. त्या पेढ्यातला एक तुकडा बाजारहत्नूरच्या परीक्षार्थीपर्यंत यायला पाहिजे.

घटनेच्या ३५०-ए कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं म्हटलंय. ही तरतूद १९५६ मध्येच आली, आपली रेघ ओढली त्याच वर्षी. पण प्राथमिक शाळेपर्यंत हात धरायचा आणि पुढं सोडून द्यायचं, याला पूर्ण न्याय म्हणत नाहीत. म्हणून मागण्या चार, आणि त्या दोन्ही सरकारांकडं आहेत. आदिलाबादच्या सरकारी डिग्री कॉलेजात मराठी दुसऱ्या भाषेचा कायम प्राध्यापक द्या. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या परीक्षा केंद्रांवर मराठीचा पर्याय द्या. कर्नाटक सीमाभागासारखी सोय महाराष्ट्रानं तेलंगणातल्या मराठी विद्यार्थ्यांनाही द्यावी. आणि मे-जूनमध्ये मंडलाच्या ठिकाणी मराठीतून माहिती देणारं प्रवेश मदत केंद्र उघडा.

चौथी मागणी पुरी व्हायची वाट बघायची गरज नाही. ज्यांचं पहिलं वर्ष झालंय त्या प्रत्येकानं गावातला एक धाकटा धरा, त्याचा फॉर्म स्वतः शेजारी बसून भरून घ्या, आपली तीन रकान्यांची वही त्याला द्या. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक टेबल, एक मोबाईल आणि वर्षभर डिग्री केलेला एक पोरगा किंवा पोरगी, एवढ्यानं निम्मे घोटाळे टळतात.

आज संध्याकाळी एवढंच करा : आधारला कोणता नंबर जोडलाय ते तपासा, दहावीचा मेमो काढून नावाचं स्पेलिंग बघा आणि वहीत पहिले दहा शब्द लिहा. बाकीचं उद्यापासून.